बालवाडीत नव्याने रुजू होताना: नीतिनियम, नोंदी आणि हाताशी ठेवायची साधनं

बालवाडीत किंवा अंगणवाडीत नव्याने लागलेल्या ताईला गाणी, गोष्टी, दिनक्रम, हजेरीपट असं सगळं दाखवलं जातं. मुलाने चड्डीत शी केली तर धुताना दार किती उघडं ठेवायचं, दुपारी अनोळखी काका घ्यायला आले तर काय म्हणायचं, दिवाळीला पालकांनी साडी आणली तर घ्यायची का, हे मात्र जिचं तिने शिकायचं असतं. आणि शिकताना चुकलं तर भोगायचं मुलाने.

तीन वर्षांच्या मुलाला तक्रार करता येत नाही. घडलेलं त्याला कळतं, पण क्रम सांगता येत नाही, वार-वेळ सांगता येत नाही, आणि ताईबद्दलही काही बोलता येतं हेच त्याला ठाऊक नसतं. खालचे बहुतेक नियम या न होणाऱ्या तक्रारीच्या जागी उभे आहेत. ते आपल्यावरचा अविश्वास म्हणून वाचले की टोचतात. तसे वाचू नका.

अमेरिकेतल्या बालशिक्षकांच्या एनएईवायसी या संघटनेची आचारसंहिता जगभर वापरली जाते. तिचं पहिलं तत्त्व असं, की सगळ्यात आधी, आपल्या हातून मुलाला इजा होता कामा नये. बाकीची सगळी तत्त्वं याच्या खाली. आपणही तोच क्रम लावावा: आधी मूल, मग पालक, मग संस्था, आणि शेवटी आपली सोय. एरवी या चौघांचं जमतं. ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी हा क्रम कामाला येतो.

रुजू होण्याआधी विचारा

एका मोठ्या माणसामागे किती मुलं? २०१३च्या राष्ट्रीय बालसंगोपन आणि शिक्षण धोरणानुसार तीन ते सहा वयासाठी २० मुलांमागे एक मोठं माणूस लागतं, तीनच्या खाली १० मुलांमागे एक. ३० मुलांच्या वर्गाला निदान ३५ चौरस मीटरची, म्हणजे साधारण पावणेचारशे चौरस फुटांची खोली, शिवाय ३० चौरस मीटर मोकळी जागा, आणि दिवसाला तीन ते चार तास. गल्लीतल्या फ्लॅटमध्ये भरणाऱ्या अनेक शाळा यात बसत नाहीत. तरीही प्रश्न विचाराच, कारण एका खोलीत ४० मुलं आणि एकटी ताई असेल तर शी-शूच्या वेळी वर्ग कुणाच्या भरवशावर सोडणार?

दुसरं, पोलीस पडताळणी. ती फक्त शिक्षिकेची नव्हे. मावशी, सफाई कामगार, शिपाई, गाडीचा चालक, गाडीतला मदतनीस, सगळ्यांची हवी. तुमच्याकडे मागितली नाही तर स्वतःहून दाखला काढून द्या. मग इतरांच्या दाखल्यांबद्दल विचारणं सोपं जातं.

तिसरं, तक्रार कुणाकडे करायची आणि ती लिहून घेतली जाते का? राज्यात शाळा, केंद्र आणि तालुका पातळीवर मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या नेमायचा निर्णय २०२२चा आहे. तुमच्या शाळेत समिती असेल तर सदस्यांची नावं भिंतीवर असायला हवीत. ‘आमच्याकडे असलं काही होत नाही’ असं उत्तर मिळालं तर जपून राहा.

शी-शू आणि कपडे

नव्या ताईने सगळ्यात आधी इथली शिस्त बसवावी. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची घटना उघड झाली; ती शाळेच्या स्वच्छतागृहातली होती आणि आरोप सफाई कामगारावर होता. त्यानंतर सगळीकडे कॅमेऱ्यांची चर्चा झाली, पण स्वच्छतागृहाच्या आत कॅमेरा लावता येत नाही आणि लावूही नये. तिथे माणसांची पद्धतच लागते.

मुलं आत असताना सफाई बंद. सफाई मुलं येण्याआधी किंवा गेल्यावर. मध्येच सांडलं तर आधी मुलं बाहेर, मग फडकं आत. मुलाला एकाच ताईने न्यायचं, पण जाताना दुसरीला मोठ्याने सांगून: ‘मावशी, मी साहिलला शूला नेतेय.’ बाहेरचं दार अर्धं उघडं ठेवायचं, इतकं की जाणाऱ्या-येणाऱ्याला ताई दिसावी, पण मुलाचं अंग दिसू नये. गाडीचा चालक, पाहुणे, दुसऱ्या मुलाचे पालक यांनी या भागात पाऊल टाकायचं नाही.

हात लावण्याआधी विचारायचं. ‘चड्डी काढायला मदत करू का?’ मूल ‘मी करतो’ म्हणालं तर थांबायचं, वेळ लागला तरी. पाणी ताईने ओतायचं, हात मुलाचा. अगदीच गरज असेल तर हातमोजा घालून, समोरून मागे धुवायचं आणि करताना काय करतोय ते साध्या शब्दांत सांगायचं. अशाने मुलाला कळतं की अंगाला हात लावणाऱ्याने आधी विचारायचं असतं, आणि न विचारणारा कुणी भेटला तर त्याला खटकतं. ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’चा तक्ता भिंतीवर हवाच, पण रोजच्या या विचारण्याने जे साधतं ते तक्त्याने साधत नाही.

प्रत्येक मुलाच्या कपड्यांचा एक जोड त्याचं नाव घातलेल्या पिशवीत ठेवा. ओले कपडे वेगळ्या पिशवीत घरी. वहीत एक ओळ: तारीख, वेळ, कपडे कुणी बदलले. ‘शी बाई, केवढा मोठा झालास तरी!’ हे वाक्य हसत म्हटलं तरी नको. लाजेने मूल दुसऱ्या दिवशी रोखून धरतं, मग बद्धकोष्ठ होतं, आणि मग अपघात आणखी वाढतात.

सुटण्याची वेळ

प्रवेशाच्या वेळी, मूल न्यायला येऊ शकणाऱ्या तीन माणसांची नावं, फोटो आणि नंबर पालकांच्या सहीने घ्या. चौथं कुणी आलं तर मूल द्यायचं नाही. मग तो सख्खा मामा असो. फोन करायचा तो वहीतल्या नंबरावर. आलेला माणूस ‘घ्या, बोला त्याच्या आईशी’ म्हणून स्वतःचा फोन पुढे करतो, तो हातातही घ्यायचा नाही. मूल त्याला बघून पळत गेलं, हा पुरावा नाही. ओळखीच्या माणसाकडेही मुलं पळत जातात, आणि मुलांना त्रास देणारा बहुधा ओळखीचाच असतो.

आई-वडील वेगळे राहत असतील तर न्यायालयाच्या ताब्याच्या आदेशाची प्रत मागा. आदेश नसेल तर शाळेने न्यायाधीश व्हायचं नाही: कुणी कोणत्या दिवशी न्यायचं ते दोघांकडून लेखी घ्या, आणि वाद फाटकावर आला तर मुख्याध्यापिकेला बोलवा. वडील दारू पिऊन आले तर वाद घालू नका. मूल आत खेळतंय म्हणायचं, दुसऱ्या नावाला फोन लावायचा, आणि आवाज चढला तर ११२.

शिस्त, राग आणि आपले हात

चापट, चिमटा, कान पिळणं ही मारहाण आहे, हे बहुतेकांना पटलेलं असतं. पण डबा काढून घेणं, अंधाऱ्या खोलीत बसवणं, ओली चड्डी तशीच ठेवणं, सगळ्यांना ‘हिला हसा’ म्हणणं, हेही त्याच खात्यात येतं. बालन्याय कायदा २०१५च्या कलम ७५नुसार ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. मुलांच्या काळजीसाठी असलेल्या संस्थेतला कर्मचारी असेल तर पाच वर्षांपर्यंत आणि पाच लाखांपर्यंत दंड.

‘पोलिसाला देईन’, ‘बागुलबुवा येईल’, ‘डॉक्टर सुई टोचतील’ ही आपल्याकडची जुनी हत्यारं. यांचा तोटा नंतर दिसतो: संकटात ज्यांच्याकडे जायचं त्यांचीच भीती मुलाच्या मनात आपण पेरलेली असते.

चावणाऱ्या मुलाचं उदाहरण घेऊ, कारण दोन-अडीच वर्षांच्या गटात हे ठरलेलंच. आधी चावलेल्या जागेकडे: साबण-पाण्याने धुवायची, थंड कापड ठेवायचं, कातडी फाटली असेल तर डॉक्टर. जखमी मुलाला जवळ घ्यायचं. मग चावणाऱ्याच्या उंचीला बसून दोनच वाक्यं: ‘चावलं की दुखतं. गाडी हवी असेल तर दे म्हण.’ भाषण नको. दोन्ही घरी त्याच दिवशी सांगायचं, पण दुसऱ्या मुलाचं नाव न सांगता. ‘कुणी चावलं?’ हा प्रश्न येणारच. उत्तर ठरलेलं ठेवा: ‘नाव सांगत नाही, तुमच्या मुलाबद्दलही मी कुणाला सांगणार नाही.’ आठवड्यात तीनदा झालं तर वेळा तपासा. बहुतेकदा त्या डब्याच्या आधीच्या, भुकेच्या असतात, किंवा एकाच खेळण्यावर सहा मुलं तुटून पडलेली असतात. तशीच दुसरी गाडी आणा, डबा पंधरा मिनिटं अलीकडे घ्या.

आपला तोल जाणार असं वाटलं तर मावशीशी एक वाक्य आधीच ठरवून ठेवा: ‘मावशी, जरा वर्ग बघता?’ त्यावर कारण विचारायचं नाही. बाहेर जाऊन पाणी प्या, परत या.

वही

वहीत तुमचं मत नव्हे, डोळ्यांनी दिसलेलं लिहा. ‘रिया हट्टी आहे, लक्ष देत नाही’ ही नोंद निरुपयोगी आहे आणि अन्यायाचीही. ‘१२ जुलै, सकाळी १०.२०. रियाला मागून तीनदा हाक मारली, वळली नाही. समोर जाऊन खांद्याला हात लावल्यावर लगेच आली,’ ही नोंद वाचली की कानाच्या डॉक्टरांचं नाव आपोआप सुचतं.

शंका आली तर दोन आठवडे पाहा, निदान तीन वेगवेगळ्या वेळी: खेळताना, गोष्टीच्या वेळी, डबा खाताना. आरोग्य विभागाच्या माता-बाल संरक्षण कार्डावर वयानुसार विकासाचे टप्पे चित्रांसह दिलेले आहेत, ते ताडून घ्या. निदान तुमचं काम नाही. ‘ऑटिझम वाटतोय’, ‘मंद आहे’ असे शब्द पालकांसमोर किंवा स्टाफरूममध्ये काढायचे नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. पुढच्या तपासणीसाठी आणि उपचारासाठी डीईआयसी हे जिल्हा पातळीवरचं केंद्र आहे. पालकांना सांगताना एकट्याने, बसून, आधी मूल काय छान करतं ते, मग वहीतल्या दोन नोंदी वाचून दाखवायच्या आणि जायचं कुठे ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं. फाटकात उभ्या-उभ्या हे बोलणं करू नये.

वजन-उंचीच्या नोंदीही खासगीच. ‘लाल गटातली मुलं’ (म्हणजे वजन फारच कमी असलेली) अशी यादी भिंतीवर लावलेली दिसली तर काढून टाका.

फोन आणि फोटो

संमतीपत्रात एकच ‘फोटो काढू शकतो, होय/नाही’ अशी ओळ असते. तिच्या तीन करा: वर्गाच्या भिंतीवर, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर, शाळेच्या जाहिरातीत किंवा समाजमाध्यमांवर. बरेच पालक पहिल्याला हो आणि तिसऱ्याला नाही म्हणतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते.

फोटो शाळेच्या फोनने काढा. अंगणवाडीत नोंदींसाठी फोन लागतोच, पण स्वतःच्या गॅलरीत मुलांचे फोटो साठवू नका, संध्याकाळी पुसा. चेहरा, पूर्ण नाव आणि शाळेचं नाव तिन्ही एकत्र कधीच बाहेर जाऊ नयेत. पाण्याच्या खेळाचे, कपडे बदलतानाचे, रडतानाचे फोटो काढायचेच नाहीत, कितीही गोड दिसले तरी. गटावर फक्त सूचना. एका मुलाबद्दलचं बोलणं त्या पालकाशी वेगळं.

पालक: आग्रह आणि भेटी

सगळ्यात मोठा आग्रह लिखाणाचा. ‘शेजारच्या शाळेत शंभरपर्यंत लिहितात.’ इथे बऱ्याच ताया दमतात आणि दोन वह्या सुरू करतात: एक खरी, एक पालकांना दाखवायची, तीही ताईनेच मुलाचा हात धरून गिरवलेली. ही फसवणूकच आहे. त्यापेक्षा उत्तर तयार ठेवा. या वयात मनगटाची हाडं अजून पक्की झालेली नसतात. माती मळणं, मणी ओवणं, कागद फाडणं, कपडे वाळवायचे चिमटे लावणं यातून पेन्सिल धरायची बोटं तयार होतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरतं, आणि त्यासाठीचा अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२मध्ये आला, तोही खेळातून शिकण्यावर उभा आहे. पालकसभेत भाषण देण्यापेक्षा पालकांना उलट्या हाताने नाव लिहायला लावा. मुद्दा दोन मिनिटांत पोचतो.

घरची भाषा वेगळी असेल, कोरकू, वारली, गोंडी, भिली, किंवा बांधकामावरच्या घरातली हिंदी-तेलुगू, तर आईकडून वीसेक शब्द लिहून घ्या: पाणी, भूक, शू, दुखतंय, झोप, आई कधी येणार, नको. ‘नको’ नक्की. मूल कोणत्या भाषेत नाही म्हणतंय हे ताईला कळलंच पाहिजे. ‘वर्गात मराठीच बोल’ असं तीन वर्षांच्या मुलाला सांगायचं नसतं.

भेटींबद्दल एकच नियम सोपा पडतो: जे सगळ्या वर्गात वाटता येईल ते घ्या, बाकी हसून परत. पेढे चालतील, साडी नाही. स्वतःच्याच वर्गातल्या मुलांची शिकवणी घेऊ नका, आणि पुस्तकवाल्याकडून कमिशन घेऊ नका. डब्यावरून जात-धर्म काढणारे प्रश्न (‘तुमच्यात अंडं चालतं का गं?’) वर्गात नकोत, खाण्याचं पथ्य, अ‍ॅलर्जी हे प्रवेश अर्जात विचारा. औषध असेल तर चिठ्ठी, मुलाचं नाव, मात्रा, वेळ आणि पालकांची सही असल्याशिवाय चमचाभरही देऊ नका.

अत्याचाराचा संशय आला तर

हा भाग पाठच असू द्या, कारण त्या क्षणी शोधायला वेळ नसतो.

मूल काही बोललं तर ऐका, चेहरा शांत ठेवा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस’ एवढं म्हणा. खोदून विचारू नका, ‘काकांनी इथे हात लावला का?’ असं नाव किंवा जागा पुरवणारा प्रश्न तर नाहीच. ‘मग काय झालं?’ पुरे. लगेच लिहा: मुलाचे शब्द जसेच्या तसे, बोबडे असतील तर बोबडे, वेळ, समोर कोण होतं. घटना ताजी असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुवू नका.

मुख्याध्यापिकेला किंवा पर्यवेक्षिकेला सांगा, पण तिथे थांबू नका. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पॉक्सो कायदा २०१२च्या कलम १९नुसार गुन्ह्याची माहिती किंवा शंका असलेल्या कोणत्याही व्यक्तीने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं असतं. म्हणजे जबाबदारी तुमची वैयक्तिक. न कळवल्यास कलम २१खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, नंतर शंका खोटी ठरली तरी. चाइल्डलाइन १०९८ चोवीस तास चालते. तिथल्या फोनने सुरुवात केली तरी चालेल.

‘आधी आपण आपापसात चौकशी करू’ हे संस्थेचं नेहमीचं वाक्य. त्यात दिवस जातात, पुरावा जातो, आणि मूल चार जणांना तीच गोष्ट सांगून शेवटी गप्प होतं. संशयिताला बोलावून जाब विचारणं पोलिसांचं काम. उपचार सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांत ताबडतोब आणि मोफत मिळायला हवेत, एफआयआरची वाट न पाहता. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घेतला जातो. शाळेच्या ऑफिसात सगळ्यांसमोर नाही. मुलाचं नाव, फोटो, गल्ली, काहीही गटावर जाऊ देऊ नका.

सहकारी, आणि तुम्ही स्वतः

दुसरी ताई मुलाला चिमटा काढताना दिसली तर आधी मध्ये जा आणि मूल घ्या; बोलणं नंतर. त्याच दिवशी तिला एकटीला सांगा आणि त्याच दिवशी लेखीही द्या. ‘ती चांगली आहे हो, घरचा ताप आहे’ हे खरं असू शकतं. तरीही चिमटा मुलालाच बसलेला असतो. तुमच्या स्वतःच्या बाबतीत कामावर लैंगिक त्रास झाला तर २०१३चा कायदा आहे: दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर संस्थेची अंतर्गत समिती, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. मन थकलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६वर मराठीतही बोलता येतं.

हाताशी ठेवायची साधनं

अंगणवाडीसाठी केंद्र सरकारचे दोन दस्तऐवज २०२४चे: तीन ते सहासाठी ‘आधारशिला’, जन्म ते तीनसाठी ‘नवचेतना’. आधारशिलेत ४८ आठवड्यांची आखणी आहे, पाच दिवस नवं आणि सहावा दिवस उजळणीचा. पहिल्या महिन्यात सगळं वाचायला बसू नका. सुरुवातीचे चार आठवडे मुलं रुळण्यासाठीच ठेवलेत, तेवढे पक्के करा. महाराष्ट्राचा ‘आकार’ अभ्यासक्रम मराठीत आणि आपल्या अंगणवाड्यांच्या अंगाने लिहिलेला असल्याने रोजच्या वापराला जवळचा. २०२३चा ‘जादुई पिटारा’ म्हणजे खेळणी, पत्ते, कोडी यांची पेटी. ती कपाटात कुलूपबंद ठेवलेली आढळते, तुटेल म्हणून. तुटू द्या.

गोष्टींसाठी ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनाचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ: मराठीत शेकडो चित्रगोष्टी, मुक्त परवान्याच्या, छापायला परवानगी मागावी लागत नाही. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं विकत घेण्यासारखी. प्रशिक्षण आणि सल्ल्यासाठी ग्राममंगल आणि वाड्याजवळच्या सोनाळ्याची क्वेस्ट या दोन्ही संस्थांचं काम मराठीत आणि खेड्यापाड्यांत चालतं.

पैसा नसेल तर बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची वाट आहेच. १९४५मध्ये बोर्डीला आणि १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी शंख, शिंपले, बिया, पानं, दगड यांचीच साधनं केली. फक्त मापाचं भान ठेवा: सव्वातीन सेंटिमीटरपेक्षा बारीक वस्तू, म्हणजे चिंचोके, मणी, गोट्या, तीनच्या खालच्या गटात नकोत; घशात अडकतात.

मळायला पीठ करायचं तर दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, पाऊण वाटी पाणी थोडं थोडं, चमचाभर तेल, रंगाला हळद. मीठ कमी घातलं तर पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी; पण हाताला जखम असेल त्याला मीठ झोंबतं. पण ज्या वस्तीत संध्याकाळच्या भाकरीची खात्री नाही तिथे कणकेचा खेळ मांडू नका. मुलंच सांगतात, ‘अन्नाशी खेळायचं नाही,’ आणि त्यांचं बरोबर असतं. शेतातली काळी माती चाळून, काचा-खडे काढून, रात्रभर भिजवली की तीच बोटं तेवढीच तयार होतात.

वर्ष संपताना

पहिलीच्या शिक्षिकेकडे वही आख्खी देऊ नका. मुलाला काय येतं, काय आवडतं, घरची भाषा, अ‍ॅलर्जी, चालू असलेले उपचार (पालकांची परवानगी असेल तर), एवढं एका पानावर. चित्रं आणि हस्तकाम मुलाच्या घरी. चावणं, ओली चड्डी, पालकांची भांडणं यांच्या नोंदी पुढे पाठवायच्या नाहीत. सहा वर्षांच्या मुलामागे त्या लावून देण्याचं कारण नाही. पोलिसांत गेलेल्या प्रकरणाचे कागद मात्र फाडायचे नाहीत: ते सीलबंद पाकिटात, संस्थाप्रमुखाच्या सहीने, कुलपात, आणि पाकिटावर मुलाच्या नावाऐवजी नोंदणी क्रमांक.